दाजी, जरा धरता का?

दुचाकीला नवा भाग कधी एकटा येत नाही. येताना जुन्या भागाच्या बदलीचा हुकूम घेऊन येतो. मोबाइल लावायला हँडलवर क्लॅम्प बसवला की तो नेमका स्पीडोमीटरवर येतो. डावीकडे सरकवावा तर क्लचची केबल आड येते. केबल मोकळी व्हावी म्हणून हँडलखाली रायझर घालून ते इंचभर उचललं, तर तीच केबल आखूड पडते. लांब केबल टाकली तर ती वळणावर हेडलाइटच्या मागे अडकते. मालकाचा पगार संपला की ही साखळी थांबते आणि पुढच्या एक तारखेला पुन्हा सुरू होते. पुण्याच्या नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं याच साखळीवर उभी आहेत. गिऱ्हाइकाच्या गाडीचं काम एकदाचं पुरं होऊ दे, अशी प्रार्थना तिथला एखादा दुकानदार करत असेल असं मला वाटत नाही.

माझ्या मेव्हण्याच्या मोटरसायकलवर ही साखळी सरकत सरकत काचेपर्यंत आली. काच म्हणजे हेडलाइटच्या वर उभी असते ती, वारा अडवणारी विंडशील्ड. मेव्हण्याला लडाखला जायचं आहे. पुण्यातल्या एका ठरावीक वयाच्या मुलांना लडाखला जायचंच असतं. त्यातले काही जातात, बाकीचे गाडीला सामान लावतात. मेव्हणा अजून सामानाच्या टप्प्यात आहे. खारदुंग ला खिंडीतल्या थंडीत बोटं गारठू नयेत म्हणून त्याने हँडगार्ड मागवले. हँडगार्ड म्हणजे क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरपुढे बसणारी प्लॅस्टिकची ढाल. ती वारा अडवते, समोरच्या ट्रकने उडवलेली खडी अडवते, गाडी पडली तर लिव्हर मोडू देत नाही. वस्तू चांगली आहे. पुण्यात मात्र तिचा मुख्य परिणाम असा की दोन रिक्षांच्या मधून पूर्वी जाता यायचं, ते आता येत नाही.

हँडगार्डच्या खोक्यात बोल्ट होते, ब्रॅकेट होते, चकचकीत स्टिकर होते आणि खोक्यावर ‘सर्व गाड्यांना बसेल’ असं आश्वासन होतं. सर्व गाड्यांना बसणारी वस्तू कुठल्याच एका गाडीला धड बसत नाही, हे अनुभवी माणूस ओळखून असतो. मेव्हणा अनुभवी नाही, उत्साही आहे.

हँडल सरळ असेपर्यंत सगळं देखणं होतं. मेव्हण्याने गाडीचे फोटोही त्याच अवस्थेत काढून पाठवले. मग त्याने गाडी लॉक करायला हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि ‘टक्’ असा आवाज झाला. या गाडीची काच सांगाड्याला बसवलेली आहे, ती हँडलबरोबर वळत नाही. हँडल डावीकडे वळलं की उजव्या हाताचा गार्ड पुढे येतो आणि काचेच्या खालच्या कोपऱ्याला टेकतो. उजवीकडे वळवलं तर डावा टेकतो. (हे सांगितलं की ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना उलटं वाटतं. ते हवेत हँडल धरून वळवून बघतात, मग गप्प होतात.) कमी पडत होती ती फक्त बोटभर जागा. पण तेवढ्यासाठी हँडल शेवटपर्यंत वळेना, आणि ते शेवटपर्यंत वळल्याशिवाय लॉकची खीळ आत जात नाही. खरं तर यू-टर्न घेताना हँडल मधेच अडलं तर माणूस गाडीसकट आडवा होतो, हा केवढा तरी मोठा मुद्दा होता. तो घरात कुणी काढलाच नाही. गाडी चोरीला जाईल, यावर मात्र रात्री जेवताना सविस्तर चर्चा झाली.

गार्ड परत करायची मुदत टळली होती. मग गार्डच थोडे कापावेत, असं मी सुचवलं. मेव्हण्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेपुढे मी विषय सोडला. गार्ड नवे होते. काच गेल्या दिवाळीतली होती. तिचे नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले होते, तेव्हा कापली जाणार ती काचच. “रविवारी करून टाकू, दाजी. तासाभराचं काम आहे. तुम्ही फक्त जरा धरायचं,” तो म्हणाला.

घरगुती दुरुस्तीत कापणारा एक असतो आणि धरणारा एक असतो. माझी नेमणूक लग्नापासून धरणारा म्हणून आहे. सासुरवाडीत मी ट्यूब बदलताना स्टूल धरलं आहे, भिंतीला भोक पाडताना खाली कागदाचा द्रोण धरला आहे, सोफा जिन्यातून वर नेताना त्याची जड बाजू धरली आहे. धरणाऱ्याला मत नसतं. त्याला ‘थोडं वर’, ‘तुमच्याकडे नाही, माझ्याकडे’ आणि ‘हलवू नका’ एवढ्याच सूचना कळल्या म्हणजे पुरे. काम नीट झालं तर ते कापणाऱ्याने केलं. फसलं तर ‘दाजींचा हात हलला’. या पदाला बढती नाही, पण एक फायदा आहे: दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे माणसाला आजूबाजूला भरपूर बघता येतं. पुढचा वृत्तांत त्यातून आलेला आहे.

मेव्हण्याच्या आत्मविश्वासाचं मूळ गणपतीत आहे. शाळेपासून घरच्या गणपतीचं मखर तोच कापायचा. थर्माकोलचे खांब, कमानी, मोर, एका वर्षी तर मागे फिरतं चक्रही. ज्याने थर्माकोलचा मोर कापला त्याला जगात काहीही कापता येतं अशी त्या घराची श्रद्धा आहे. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली. त्याने पर्यावरणाचं भलंच झालं, पण हातात ब्लेड धरून वाढलेली एक अख्खी पिढी ऐन उमेदीत बेकार झाली. ती आता मिळेल ते कापत सुटली आहे.

थर्माकोल आणि ही काच यांत मोठा फरक आहे. थर्माकोल चुकला तर दुसरा शीट आणता येतो आणि मोराचा पोपट करता येतो. इथे कापलं ते कापलं. आणि या काचेत काच नसतेच. ती एक तर ॲक्रिलिकची असते, नाही तर पॉलिकार्बोनेटची. दिसायला दोन्ही सारखी, स्वभावाने अगदी निराळी. ॲक्रिलिक कडक आणि मानी. जरा जबरदस्ती केली की तडकतं. पॉलिकार्बोनेट चिवट. हेल्मेटची पुढची काच त्याची, दंगलीत पोलिसांच्या हाती असणारी पारदर्शक ढालही त्याची. तडकत नाही, पण ओरखडे पटकन घेतं, म्हणून त्याच्यावर बहुधा एक कडक थर चढवलेला असतो. कापायच्या आधी आपल्यासमोर यातलं कोण आहे हे कळायला हवं. घरच्या घरी खात्री करायचा उपाय म्हणजे छोटा तुकडा जाळून बघणं. ॲक्रिलिक पेटलं की जळत राहतं आणि वास गोडसर येतो. पॉलिकार्बोनेट काळा धूर सोडतं आणि ज्योत काढून घेतली की बहुधा आपणहून विझतं. उपाय नामी आहे. अडचण एवढीच की तुकडा कापल्यावर मिळतो आणि कसं कापायचं ते तुकडा जाळल्यावर कळतं.

खोक्यावर काय लिहिलं होतं हे सांगायला खोकं शिल्लक नव्हतं. त्यात सासूबाईंनी जुन्या पणत्या भरून माळ्यावर टाकल्या होत्या आणि माळ्यावरून काही काढायचं म्हणजे आणखी एक रविवार. हा गुंता शेवटी सासऱ्यांनी सोडवला, पण त्याला वेळ आहे. आधी आखणीबद्दल सांगतो, कारण रविवारचा बराचसा भाग आखणीतच गेला. कापायला लागला त्याहून कितीतरी जास्त.

काच उतरवली. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवली. टेपचे फायदे तीन-चार आहेत. तिच्यावर पेन्सिल उमटते, कापताना कडेचे टवके उडत नाहीत, कानस घसरली तर ओरखडा टेपवर बसतो. आणि मुख्य म्हणजे ती चिकटवत असताना प्रत्यक्ष कापायला लागत नाही. मग साचा. एका नातेवाइकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका चांगली जाड होती. ती कापून खाचेचा साचा केला, काच पुन्हा गाडीवर चढवली, हँडल डावीकडे वळवलं, साचा लावून बघितला, हँडल उजवीकडे वळवलं, साचा उलटा करून बघितला. डावी-उजवी खाच सारखी येईना, कारण गार्डच डावा-उजवा सारखे बसलेले नव्हते. मग गार्ड सैल करून सारखे केले. तेव्हा असं लक्षात आलं की गार्ड थोडे खाली फिरवले तर खाच निम्मीच लागेल. अजून थोडे खाली फिरवले तर कदाचित लागणारच नाही, असं मी म्हणालो. पण धरणाऱ्याला मत नसतं हे मघाशी सांगितलंच आहे. खाली फिरवलेले गार्ड ‘मान टाकल्यासारखे दिसतात’ म्हणून पुन्हा वर केले गेले.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी आयुष्यभर घरचे ब्लाउज घरी शिवले आहेत. टेपवरच्या रेघेकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, “या रेघेवर कापतोस का काय? अरे, माया सोड की आधी! मग घालून बघ, मग काढ जास्तीचं.” दिवसभरात त्या पार्किंगमध्ये जे जे बोललं गेलं त्यात शहाणपणाचं बोलणं हे एवढंच. रेघेच्या बाहेरून दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापायचं आणि उरलेलं कानशीने खायचं, हे प्लॅस्टिकचं काम करणारे कारागीरही असंच करतात. मेव्हण्याने “हो गं आई, माहितेय” म्हणत रेघ बाहेर सरकवली.

हे सगळं इमारतीच्या पार्किंगमध्ये चालू होतं, म्हणजे सार्वजनिक होतं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कुणी पाना हातात घेतला की माणसं कुठून येतात कळत नाही. दूध आणायला निघालेले थांबतात. कुत्रं फिरवणारे थांबतात आणि कुत्रंही बसून घेतं. पहिला प्रश्न ठरलेला: “काय, काढताय का बसवताय?” दुसरा प्रश्न नसतो, सल्ला असतो. एकाने काच कापायची हिऱ्याची लेखणी सुचवली. ती खऱ्या काचेची. इथे ती नुसती रेघ मारणार. दुसऱ्याने सुरी गॅसवर तापवून कापायला सांगितलं. त्याने काचेला झालर आली असती. तिसऱ्याचं म्हणणं, कशाला कापता, गरम पाणी ओतून वाकवा. वॉचमनने काहीच सुचवलं नाही. तो फक्त म्हणाला, “साहेब, तडकणार.” आणि त्या भाकिताच्या निकालाची वाट बघत खुर्ची ओढून बसला.

पेन्सिलीचे चुकलेले डाग पुसायला एक गृहस्थ पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन आले तेव्हा मात्र मी काच पाठीशी घेतली. पेट्रोल, थिनर, स्पिरिट ही मंडळी ॲक्रिलिकच्या वैरातली. कापलेल्या किंवा ताण आलेल्या कडेला ती लागली की आत बारीक बारीक तड्यांचं जाळं पसरतं, कधी लगेच, कधी काही दिवसांनी, आणि मग आपण रस्त्यावरच्या खड्ड्याला दोष देतो. काच पुसायचे अमोनियाचे स्प्रे पॉलिकार्बोनेटला चालत नाहीत. दोन्ही प्लॅस्टिकना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. ते गृहस्थ दुखावले. पन्नास वर्षं ते सगळं पेट्रोलनेच पुसत आले आहेत.

मग सोसायटीचे सेक्रेटरी उतरले. त्यांना काचेत रस नव्हता. ड्रिल मशीनची वायर पार्किंगमधल्या सॉकेटला लावलेली त्यांनी वरून पाहिली होती आणि तो सॉकेट कॉमन मीटरवर आहे. खासगी काचेला सार्वजनिक वीज वापरता येते का, हा मुद्दा त्यांनी उपस्थित केला. भोक पाडायला जेमतेम मिनिटभर लागतं, हा युक्तिवाद त्यांनी तत्त्वाच्या आधारावर फेटाळला. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन सोडण्यात आलं. जाता जाता ते कायद्याचंही बोलले: गाडीत फेरफार केला की गुन्हा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे खरं, पण ते नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल अशा बदलांबद्दल आहे, आणि नोंदणीपुस्तकात काचेची लांबी-रुंदी लिहिलेली नसते. हे मी त्यांना सांगितलं नाही. हात अडकले होते, आणि मीटरचा प्रश्न नुकताच मिटला होता.

आता भोक. खाच काढायची तर तिचा आतला कोपरा काटकोनात ठेवायचा नाही, हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तडा तिथूनच निघतो. १९५४ साली ब्रिटनची दोन कॉमेट प्रवासी विमानं आकाशातच फुटली. तपासात निघालं की तडे विमानाच्या अंगावर कापलेल्या चौकोनी खिडक्यांच्या कोपऱ्यांशी सुरू झाले होते. तेव्हापासून विमानांच्या खिडक्या गोल कोपऱ्यांच्या असतात. मोटरसायकलची काच विमानाइतकी उंच जात नाही, पण पुण्याच्या रस्त्यावर तिला हादरे विमानापेक्षा जास्त बसतात. तेव्हा आधी कोपऱ्यात गोल भोक पाडायचं आणि मग दोन्ही बाजूंनी सरळ काप त्या भोकापर्यंत आणून सोडायचे. खाचेचा कोपरा आपोआप गोल राहतो.

भोक पाडण्यातही मेख आहे. लोखंडाचा धारदार बिट ॲक्रिलिकमध्ये घुसतो आणि पलीकडून बाहेर पडताना काचेला हिसका देऊन टवका काढतो. म्हणून एक तर पायऱ्या-पायऱ्यांचा बिट वापरतात, नाही तर साध्या बिटची धार मुद्दाम थोडी मारतात. बिटची धार मारायची ही कल्पना मेव्हण्याला झेपेना. हत्याराला धार लावायची असते, असं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. पलीकडे लाकडाचा ठोकळा घट्ट धरायचा, म्हणजे मी धरायचा, आणि मशीन सावकाश चालवायचं.

मशीन फिरलं, पांढरा भुसा निघाला आणि एक उग्र गोडसर वास सुटला. खुर्चीत पेपर वाचत बसलेले सासरे, म्हणजे अण्णा, मान वर न करता म्हणाले, “हा कवळीचा वास.”

सगळे थांबले. अण्णांची कवळी मागे मोडली होती तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी ती त्यांच्यासमोर दुरुस्त केली होती, त्या वेळचा वास त्यांच्या नाकात बसला होता. आणि ते अगदी बरोबर होते. कवळीची गुलाबी हिरडी ॲक्रिलिकचीच असते. काच ॲक्रिलिकची आहे हे असं नाकाने सिद्ध झालं. तुकडा जाळायची गरज उरली नाही.

यावर मी त्यांना म्हणालो, की अण्णा, मोतीबिंदूच्या वेळी तुमच्या डोळ्यात बसवलेलं भिंगही बहुधा याच घराण्यातलं. ती गोष्टही मोठी गमतीची आहे. जर्मनीत १९३३ साली या प्लॅस्टिकला ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव मिळालं आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवरचं पारदर्शक छत त्याचं होऊ लागलं. गोळ्यांनी ते छत फुटलं की त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. हॅरॉल्ड रिडली नावाच्या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की डोळा हे कण निमूटपणे सांभाळून घेतो. एरवी बाहेरचं काही आत गेलं की तो लाल होऊन भांडतो, तसं इथे होत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाला ॲक्रिलिकचं भिंग बसवलं. पुढे मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगं भारतात स्वस्तात बनवायला घेतली आणि गरिबालाही डोळ्याच्या आत चष्मा मिळाला. आता मऊ, घडी घालून आत सरकवायची भिंगं आली आहेत, पण त्यांतलीही बरीचशी ॲक्रिलिकच्याच गोतावळ्यातली.

अण्णांनी हे शांतपणे ऐकलं. मग चष्म्यावरून मुलाकडे आणि त्याच्या हातातल्या मशीनकडे बघत म्हणाले, “म्हणजे दात त्याचे, डोळा त्याचा. जपून काप रे. मला घरचंच माणूस कापल्यासारखं वाटतंय.” आणि खुर्ची दोन फूट मागे घेतली.

प्रत्यक्ष कापण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियर काकांनी आपली जिग सॉ मोठ्या मानाने आणली होती. खोक्यात, माहितीपत्रकासकट. पूर्ण वेगात चालवली की पात्याच्या उष्णतेने ॲक्रिलिक वितळतं आणि पात्यामागे पुन्हा चिकटून बसतं. काकांनी एका फालतू पट्टीवर प्रात्यक्षिक दिलं तेव्हा पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि पट्टी अखंडच राहिली. काकांनी तिचं बराच वेळ निरीक्षण केलं. पातं मोठ्या दातांचं पाहिजे आणि वेग कमी, असं निदान करून ते माहितीपत्रक वाचायला बसले. तोवर मेव्हण्याने हॅक्सॉचं बारीक दातांचं नुसतं पातं काढलं, त्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि साबणाचं पाणी सोडत हातानेच घासायला घेतलं. हाताने कापणाऱ्याला घाई करता येत नाही, हाच त्याचा गुण.

काच बाकदार असते. ती कुठल्याही टेबलावर कुठल्याही बाजूने ठेवा, एक कोपरा हवेत राहतोच. आधार नसलेला भाग पात्याबरोबर थरथरला की तडकतो. म्हणून खाली गोधडीची घडी, आणि हवेतला कोपरा धरायला जावई. सगळी थरथर जावयाच्या मनगटात शिरते. मेव्हणा अधूनमधून “हलवू नका” म्हणत होता. हलवत तोच होता, मी तर फक्त हलत होतो.

पहिला तुकडा टपकन गोधडीवर पडला तेव्हा जमलेल्या मंडळींत हळहळ पसरली. तडा गेला नव्हता. वॉचमन उठून गेटकडे गेला.

ॲक्रिलिकचा भुसा हा एक वेगळाच प्रकार आहे. घासल्याने त्यात स्थिर वीज येते आणि तो झटकून जात नाही. कपड्यांना, केसांना, हाताच्या लवेला चिकटून राहतो. झटकायला जावं तर या हातावरून त्या हातावर जातो. सासूबाईंनी मला जिन्यातच अडवलं आणि ओल्या फडक्याने पुसून मगच घरात घेतलं. मेव्हण्याला कुणी अडवलं नाही.

कडा साफ करणं हे खरं निगुतीचं काम. आधी कानस, एकाच दिशेने. मग पॉलिश पेपर: २२० नंबर, मग ४००, मग ८००, आणि शेवटचे पाण्यात भिजवून. धुरकट झालेली कड मेटल पॉलिशने घासली की पुन्हा पारदर्शक होते. धंदेवाले लोक गॅसची बारीक ज्योत कडेवरून झर्रकन फिरवतात आणि कड आरशासारखी करतात. ज्योत सेकंदभर रेंगाळली तर फुगे येतात, आणि ज्योतीने जो ताण आत राहतो तो पुढे कुणी थिनर लावला की तड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. मेव्हण्याचं ज्योतीवर मन गेलं होतं. सासूबाईंनी सिलिंडर खाली न्यायला साफ नकार दिला, त्यामुळे तो प्रश्न तांत्रिक पातळीवर न येताच निकाली निघाला. कापलेल्या कडेवर मोटारीच्या दाराला लावतात तसलं काळं रबरी बीडिंग बसवलं. ते दिसायला बरं असतं, आणि धक्क्यात कुणाचा हात किंवा गळा त्या कडेवर गेला तर तेच वाचवतं. कामाचा आळस आला म्हणून हे शेवटचं सोडून देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यामागे बसू नये.

बसवताना मात्र आपल्या लोकांची एक खोड आड येते: नट दिसला की तो आवळायचा, आणि आवळून झाल्यावर वर आणखी एक पिळा द्यायचा. ॲक्रिलिक उष्णतेने लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. ४० सेंटिमीटरची काच ४० अंशांच्या फरकाने मिलिमीटरभर लांबते, आणि लेहच्या पहाटेपासून नागपूरच्या दुपारपर्यंत एवढा फरक सहज पडतो. त्या मिलिमीटरला जागा हवी. म्हणून काचेची भोकं बोल्टपेक्षा मोठी असतात, मधे रबराचं ग्रोमेट असतं, वर नायलॉनचा वायसर असतो, आणि नट काच हलणार नाही इतपतच आवळायचा असतो. नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं ते द्रव औषधही इथे चालत नाही. ते काचेला लागलं की भोकाभोवती तडे धरतात. त्याऐवजी आत नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. हे सगळं मेव्हण्याला पटलं. त्याने नट हलक्या हाताने आवळले आणि पाना खाली ठेवला. माझी पाठ वळताच इंजिनियर काकांनी प्रत्येकाला एकेक पिळा दिला, तो मला पुन्हा सोडवावा लागला.

हँडल डावीकडे वळवलं. लॉक झालं. उजवीकडे वळवलं, टेकलं नाही. थोड्या टाळ्याही वाजल्या.

खाचेत यश आलं की माणसाची नजर वर जाते. हातासरशी काचेची उंचीही थोडी कमी करावी का, अशी कुजबुज सुरू झाली. याला एक हिशेब आहे. नेहमीच्या बैठकीत बसल्यावर काचेची वरची कड साधारण नाकाच्या किंवा हनुवटीच्या रेषेत यावी. म्हणजे काच वारा हेल्मेटवरून उडवते आणि आपण रस्ता काचेच्या वरून बघतो. रात्री पावसात, समोरच्याचा दिवा काचेवरच्या थेंबांत फुटतो तेव्हा वरून बघता येणं फार मोलाचं असतं. काच आणखी ठेंगणी केली तर तिच्या कडेवरून सुटलेले भोवरे नेमके हेल्मेटवर आदळतात, डोकं गदगदा हलतं आणि कानात मिक्सर चालू झाल्याचा भास होतो. काच नसलेली गाडी परवडते, चुकीच्या उंचीची परवडत नाही. आणि नाकाची उंची माणसागणिक वेगळी. पार्किंगमध्ये एकामागून एक सगळ्यांनी गाडीवर बसून आपापलं नाक कुठे येतं ते बघितलं. सेक्रेटरीसुद्धा बसले. प्रत्येकाच्या नाकाप्रमाणे काच वेगवेगळ्या ठिकाणी कापावी लागत होती, त्यामुळे ती वाचली.

मेव्हण्याने संध्याकाळी सिंहगड रस्त्याला चक्कर मारली. काच थरथरत नाही, गार्ड टेकत नाहीत, हात गार पडत नाहीत. ते मे महिन्यात पडलेही नसते. आता त्याने टाकीवर बांधायची बॅग मागवली आहे. तिच्या खोक्यावरही तेच आश्वासन आहे.

हँडगार्ड बनवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. खोक्यात स्टिकर घालता, ते नका घालू. त्या जागी कागदाचा एक साचा घाला: काच सांगाड्याला असेल तर कुठे आणि किती कापायची, आणि न कापता गार्ड किती अंश खाली फिरवले तरी भागतं. शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत छापा. मेव्हण्यांना नाही, तर निदान धरणाऱ्यांना ते दाखवता येईल.